ताईला माझं खोडलेलं दिसतं

"मघाशी 'पण' लिहून खोडलंस. पुढे काय होतं?"

ताईचा हा प्रश्न स्क्रीनवर उमटला तेव्हा कळलं, की चार महिने खपून जे केलं ते चालतंय. आणि लगेच हेही कळलं, की आता आपली पंचाईत आहे.

माझ्या ताईला गेली काही वर्षं कमी ऐकू येतं. मशीन लावलं, खोली शांत असली आणि एका वेळी एकच माणूस बोलत असला की समोरासमोर निभावतं. फोनवर मात्र आता काहीच कळत नाही. व्हिडिओ कॉलवर चित्र अडखळलं की ओठ वाचायची सोयही जाते. राहता राहिलं चॅट, आणि चॅटवर तिचा राग. "तुझ्याशी चॅट म्हणजे पत्रव्यवहार," ती म्हणायची. "तू लिहीपर्यंत मी भिंतीकडे बघत बसायचं. नुसती तीन टिंबं नाचतात. मग धप्पकन अख्खा परिच्छेद अंगावर. मध्ये 'अरे थांब, हे माहितीये मला' म्हणायची सोय आहे का कुठे?"

नव्हती. तिच्या या तक्रारीवर मी बराच विचार केला. आपण बोलताना समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देतच नाही. अर्ध्यावर हुंकार देतो, तोडतो, त्याचा शब्द आपणच पुरा करतो. ऐकू येईनासं झाल्यावर ताईचं नेमकं हेच गेलं होतं. माहिती तिला मिळत होती, पण मध्येच तोंड घालता येत नव्हतं. आणि तोंड घालणं हा आमच्या ताईचा स्वभावच आहे.

घरच्या लोकांसाठी मी एका छोट्या सर्व्हरवर एक्सएमपीपी, म्हणजे निरोप पाठवायची एक खुली पद्धत, चालवतो आणि त्याला जोडलेला वेब क्लायंट, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी चॅटची खिडकी, मीच लिहिलाय. त्यात अक्षर-अक्षर दिसणारं टायपिंग घालायचं ठरवलं. दोन रविवारांचं काम, असं मनात धरलं होतं.

कल्पना काही माझी नाही. खरं तर चॅटचा जन्मच असा झाला. 1973 साली इलिनॉय विद्यापीठातल्या प्लेटो या संगणकप्रणालीवर टॉकोमॅटिक नावाचा प्रोग्रॅम होता. त्यात प्रत्येकाला पडद्यावर आपला पट्टा असायचा आणि कळ दाबली की अक्षर सगळ्यांना दिसायचं. युनिक्सवरचा टॉक हा प्रोग्रॅम, 1983 च्या फोर पॉइंट टू बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीमधला, तसाच: पडदा मधोमध दुभागलेला, वर मी, खाली तू. ओळ पुरी करून एंटर मारायची सवय आपल्याला नंतर जडली.

ऐकू न येणाऱ्यांचा टीटीवाय, म्हणजे फोनला जोडायचं टाइपयंत्र, तर त्याहून जुना, 1964 चा. टेलिफोनच्या तारेवरून अक्षरं जायची, पण एका वेळी एकाच बाजूने. म्हणून बोलणं संपलं की 'जीए' लिहायचं, म्हणजे 'गो अहेड', आता तू बोल. हे वाचून मी ताईला म्हटलं, बघ, तुझं तिथे काही खरं नव्हतं. जीए यायची वाट तू पाहिलीच नसतीस. त्या टीटीवायच्या जागी अक्षर-अक्षर जाणारा मजकूर वापरायला अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, 2016 च्या डिसेंबरमध्ये परवानगी दिली. 'रिअल-टाइम टेक्स्ट' किंवा आरटीटी हे नाव तिथून बऱ्याच जणांच्या कानावर पडलं. एक्सएमपीपीसाठी याची रीतसर व्याख्या आहेच, एक्सईपी-0301 नावाचा दस्तऐवज. कुणीतरी आधीच डोकं चालवून ठेवलंय तर आपण कशाला शिणवा, म्हणून तीच घेतली.

रीत साधी आहे. प्रत्येक कळीसाठी वेगळा निरोप पाठवायचा नाही. साधारण 700 मिलिसेकंदांत जे जे बदललं त्याचं एक गाठोडं बांधून पाठवायचं. गाठोड्यात तीनच प्रकारच्या गोष्टी असतात. 'टी' म्हणजे अमुक जागी हा मजकूर घाल, 'ई' म्हणजे अमुक जागेच्या मागची इतकी अक्षरं खोड, आणि 'डब्ल्यू' म्हणजे इतके मिलिसेकंद थांब. गाठोड्यांना ओळीने क्रमांक. मधला एखादा चुकला तर समोरच्याने आहे तिथेच थांबायचं. दर 10 सेकंदांनी पाठवणारा आत्तापर्यंतचा सगळा मजकूर नव्याने देतो, तेव्हा पुन्हा सुरात यायचं. शेवटी सेंड दाबलं की नेहमीचा अख्खा निरोप जातो आणि तोच खरा मानायचा. म्हणजे मधे कितीही गोंधळ झाला तरी शेवट सुधारतो. या सोयीने मला पुढे बराच काळ फसवलं, ते सांगतोच.

पहिल्या रविवारी मी कळी ऐकल्या. कीडाउन, म्हणजे कळ दाबल्याची घटना, आलं, कळ कोणती ते पाहिलं, पाठवलं. लॅपटॉपवर झकास. ताईच्या अँड्रॉइड फोनवर प्रत्येक कळीचा नंबर 229. मी 'क' दाबो की 'ळ', ब्राउझरचं आपलं एकच: 229. म्हणजे 'कीबोर्ड काहीतरी जुळवतोय, मला विचारू नका.' कंपोझिशन, म्हणजे ती जुळवाजुळव, संपल्याची घटना येईपर्यंत थांबून पाहिलं, तर ती स्पेस दाबल्यावर येणार, म्हणजे अख्खा शब्द एकदम. ताई म्हणाली, "हे बरंय की. आधी परिच्छेद पडायचा, आता शब्द पडतो."

शेवटी कळींचा नाद सोडला. इनपुट घटना आली की चौकटीतला मजकूर बघायचा, मघाचा बघायचा, दोन्हींचं सुरुवातीचं आणि शेवटचं सारखं असलेलं बाजूला काढायचं, मधे उरलं तो बदल. सुचवलेला शब्द निवडा, पेस्ट करा, बोलून लिहा, ऑटोकरेक्टला धिंगाणा घालू द्या, सगळं यात बसतं. एक्सईपीत हाच सल्ला दिलेला आहे. मी तो वाचून पुढे गेलो होतो, कारण मला घाई होती.

मग इमोजींनी हात दाखवला. ताईने हसरा चेहरा टाकला, लगेच बदलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा टाकला, आणि माझ्याकडे पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात एक प्रश्नचिन्ह आलं. जावास्क्रिप्ट असा चेहरा दोन तुकड्यांत साठवते आणि या दोन्ही चेहऱ्यांचा पहिला तुकडा एकच आहे. माझ्या तुलनेला वाटलं, पहिला अर्धा तर सारखाच आहे, फक्त दुसरा अर्धा पाठवू. अर्धा चेहरा वेबसॉकेटवरून जात नाही. ब्राउझर त्याच्या जागी ते प्रश्नचिन्ह घालून मोकळा होतो. तुलना युनिकोडच्या पूर्ण कोडपॉइंटांवर, म्हणजे प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकांवर, करायला लागल्यावर हे मिटलं.

पण खरी मजा देवनागरीत आहे, आणि त्यासाठीच ही पोस्ट लिहायला घेतली.

'अक्षर-अक्षर' म्हणताना अक्षर म्हणजे काय? 'रात्री' या शब्दात आपण दोन अक्षरं मोजतो. युनिकोड सहा मोजतं: र, काना, त, हलन्त, र, दुसरी वेलांटी. समोर बसून बघणाऱ्याला हे असं दिसतं: र, रा, रात, रात्, रात्र, रात्री. क्षणभर 'रात' हा धडधाकट शब्द असतो, मग त्याचा पाय मोडतो, मग त्याला रफार नव्हे पण र चिकटतो. 'किती' लिहिताना आधी क येतो आणि मग पहिली वेलांटी त्याच्या डाव्या बाजूला घुसून त्याला उजवीकडे ढकलते. स्वतः टाइप करताना हे कधी जाणवत नाही, कारण आपल्याला पुढचं ठाऊक असतं. दुसऱ्याचं बघताना मात्र अक्षरं चुळबुळ करताना दिसतात.

मला हे फारच गबाळं वाटलं. म्हणून मी शहाणपणा केला: शेवटचं अक्षर पूर्ण झाल्याशिवाय दाखवायचंच नाही. अक्षर कुठे संपतं हे इंटल-सेगमेंटर या ब्राउझरमधल्याच सोयीला विचारायचं. तर माझ्या मशिनीवर 'क्ष' हे एक अक्षर निघालं आणि घरातल्या जुन्या टॅबलेटवर दोन. युनिकोडने देवनागरी जोडाक्षरं एकसंध धरायचा नियम 2023 मध्ये, 15.1 या आवृत्तीत घातला. जुन्या ब्राउझरला तो माहीत नाही. म्हणजे तारेवरून जाणारी मोजदाद या आधारावर करणं म्हणजे दोन टोकांना दोन वेगळ्या फूटपट्ट्या देणं. मोजदाद कोडपॉइंटांतच ठेवली आणि दाखवताना तेवढं अर्धवट अक्षर रोखून धरलं.

ताईला दाखवलं. दोन मिनिटं बोललो असू, तिने लिहिलं, "हे मेलं अडखळतंय."

"अडखळत नाही, अर्धी अक्षरं लपवतो. नीटनेटकं दिसावं म्हणून."

"मला नीटनेटकं कशाला हवंय? पाय मोडलेला त दिसला की कळतं तुझं अजून चाललंय. आता तू थांबलायस की लपवलंयस तेच कळत नाही. काढ ते."

काढलं. तीन संध्याकाळींचं काम होतं. पण बरोबर तीच होती. तिच्या लेखी ते अर्धं अक्षर म्हणजे बोलण्याआधी घेतलेला श्वास.

आता ऱ्य ची गोष्ट. एका रात्री ताईला जेमतेम चार शब्दांचं उत्तर देऊन मी कामात बुडालो. तिने लिहिलं, "वाऱ्यावर सोडलंस". मग मागे जाऊन मधे "मला" घातलं. माझ्या पडद्यावर उमटलं: "वाऱ्यावर समला ◌ोडलंस". तो ओ बिचारा ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाला लटकत होता. मी फोटो काढायला फोन उचलला तोवर तिने सेंड दाबलं आणि वाक्य निर्मळ झालं. मघाशी म्हटलं तसं, शेवट सुधारतो. चूक डोळ्यांदेखत पुरावा पुसून जायची. असं तीन-चारदा झालं, दर वेळी वेगळ्या वाक्यात, आणि मी नेटवर्कला शिव्या देत राहिलो.

नेटवर्कचा काडीचा संबंध नव्हता. ताईचा कीबोर्ड तो ऱ दोन कोडपॉइंटांत पाठवतो: र आणि खाली नुक्ता. युनिकोडमध्ये त्याच ऱ ला एकसंध रूपही आहे. मी फार पूर्वी, जुन्या निरोपांत शोधता यावं म्हणून, आलेला सगळा मजकूर युनिकोडच्या एनएफसी या पद्धतीने एकसारखा करून घेत होतो. त्यात र आणि नुक्ता मिळून एकसंध ऱ व्हायचा. तिच्याकडे "वाऱ्यावर" आणि पुढची मोकळी जागा मिळून दहा, माझ्याकडे नऊ. तिने सांगितलं दहाव्यानंतर घाल, मी माझ्या दहाव्यानंतर घातलं, तो नेमका स आणि त्याच्या ओकाराच्या मधे पडला. रोमन लिपीत एका घराने चूक झाली असती तर स्पेलिंग चुकल्यासारखं दिसलं असतं. आपल्याकडे मात्रा अनाथ होते.

दुरुस्ती एका ओळीची. जसं आलं तसं ठेवायचं, शोधण्यासाठी वेगळी प्रत एकसारखी करायची. सापडायला मात्र पाच आठवडे गेले. चूक माझीच, त्यामुळे कुणाला बोलताही येईना.

वेळेचं प्रकरण त्या मानाने सोपं गेलं. सुरुवातीला 700 मिलिसेकंदांचं गाठोडं आलं की मी ते एकदम ओतायचो. ताई म्हणाली, उचक्या लागल्यासारखं दिसतं. मग ते 'डब्ल्यू' कामाला आलं. पाठवणारा प्रत्येक बदलामधलं अंतर नोंदवतो आणि समोरचा तेवढंच थांबत थांबत दाखवतो. सगळं किंचित उशिरा दिसतं, पण हाताची लय तशीच राहते. मी विचारात पडलो की कुठे थांबतो हे तिला दिसायला लागलं. एकच खबरदारी घ्यावी लागली. टॅब मागे गेला की ब्राउझर टायमर सेकंदाला एकवर आणतो, त्यामुळे थांबण्यांचा ढीग साचतो. परत आल्यावर तो ढीग तसाच खेळवत बसलो तर पाच मिनिटांपूर्वीचं टायपिंग बघावं लागतं. फार मागे पडलं की थांबणी फेकून मजकूर थेट दाखवायचा. आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी चालू ओळीवरची आपोआप वाचन करायची सूचना बंदच ठेवायची, नाहीतर तो 'रा, रात, रात्' असं पाढे म्हटल्यागत वाचत सुटतो. पुरा निरोप आला की तेवढा वाचू द्यायचा.

दोघं एकदम लिहीत असलो की वरचा इतिहास उड्या मारायचा, म्हणून दोन्ही चालू ओळींना तळाशी पक्क्या जागा दिल्या. त्यानंतर एकदा मी तिला राउटर पुन्हा चालू कसा करायचा ते लिहीत होतो. "मागच्या बाजूला एक बारीक भोक आहे, त्यात पिन घा", इतक्यात खालच्या ओळीत आलं, "नको नको ते सगळं पुसतं, नुसतं बटण बंद करते". मी 'घा' वर थांबलो. तिने मला तोडलं होतं. किती वर्षांनी, ते मोजायच्या फंदात पडलो नाही. आणि तिचं बरोबर होतं, पिनने राउटरमधलं सगळं पुसलं गेलं असतं.

दुसऱ्या बाजूने, मला सराव नव्हता असं कुणी बघत असताना लिहायचा. आठवड्याभरात मी नोटपॅडमध्ये लिहून पेस्ट करायला लागलो. "हे वाक्य एकदम पडलं," तिने लगेच पकडलं. "चिकटवलंस ना?" मग एक बटण केलं, नाव 'पडदा'. ते दाबलं की समोरच्याला पुन्हा जुनी तीन टिंबं. मी ते दोनदा वापरलं. तिने एकदाही नाही.

आणि आता शेवटची गोष्ट, जी लिहावी की नाही यावर माझं बरेच दिवस ठरत नव्हतं. ताईची परवानगी घेतली आहे.

ऱ च्या मागे लागलो होतो तेव्हा सर्व्हरवर मी एक लॉग चालू केला होता. येणारं प्रत्येक गाठोडं जसंच्या तसं फाइलमध्ये. चूक सापडली आणि लॉग बंद करायचा राहिला. जुने निरोप साठवणाऱ्या भागाला मी 'हे साठवू नकोस' असं प्रत्येक गाठोड्यावर लिहून बजावलं होतं, पण माझा लॉग त्याच्याही आधी बसलेला. अकरा दिवसांनी डिस्क भरत आली म्हणून पाहिलं तर ही फाइल. चाळताना एका रात्री पावणेबाराच्या सुमाराला ताईच्या नावावर गाठोड्यांची रांगच्या रांग. घाल, घाल, थांब, खोड, खोड. पुन्हा घाल. तेव्हा माझा लॅपटॉप मिटलेला होता. संवाद रीतसर बंद न करताच मी उठलो होतो, म्हणून तिचा क्लायंट पाठवत राहिला. सेंड तिने दाबलंच नव्हतं. समोर कुणी नाही हे तिला माहीत होतं.

ती फाइल माझ्याच प्लेबॅकला दिली असती तर ते सगळं तिच्या हाताच्या वेगाने, तिच्या थांबण्यांसकट, माझ्यासमोर पुन्हा लिहिलं गेलं असतं. एका कमांडचं काम.

मी फाइल उडवली. समोरच्याची खिडकी खरोखर उघडी आणि पुढे असेल तरच गाठोडी निघावीत असं केलं, आणि तसं असताना नावापुढे एक हिरवा ठिपका. मग तिला सांगायला बसलो. पडदा न टाकता. दोनदा लिहून दोनदा खोडलं, ते तिला दिसत होतंच.

सगळं लिहून झालं. तिची ओळ बराच वेळ कोरी. मग:

"किती वाचलंस?"

"दोन ओळी. मग कळलं."

'ब' आला, गेला. पुन्हा 'ब' आला.

"बरं. बाकीचं मी सांगेन तेव्हा. आणि तो हिरवा ठिपका जरा मोठा कर, मला चष्म्यातूनही दिसत नाहीये."